कोठीच्या दाराच्या जागी पुस्तकांचं कपाटच दार म्हणून बसवायचंय, वजन कशावर टाकू?

मृणाल_कारेलीबाग

नमस्कार मंडळी, पोस्ट जरा लांबणार आहे, पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न कळणार नाही.

आमचं बडोद्याला कारेलीबागेत जुनं टेनामेंट (स्वतंत्र छोटं घर) आहे. हॉलला लागून एक कोठीची खोली आहे पाच बाय सात फुटांची, सासूबाईंच्या वेळी तिथे वर्षाचे गहू भरलेली पिंपं असायची, आता आम्ही वर्षाचं भरत नाही त्यामुळे खोली तशी रिकामीच. आणि दुसरीकडे माझ्या बाबांची सातशेच्या वर पुस्तकं दोन वर्षं पलंगाखाली ट्रंकांमध्ये पडून आहेत. बाबा मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीचे कॉलेजपासूनचे सभासद, तिथे वाचून आवडलेलं पुस्तक मग पैसे साठवून विकत घ्यायचे, प्रत्येकाच्या पहिल्या पानावर तारीख आणि कुठे घेतलं ते लिहिलेलं आहे. ती पुस्तकं ट्रंकेत राहणं मला बघवत नाही. हॉलमध्ये मोकळी भिंत एकच आणि नेमकं त्याच भिंतीत कोठीचं दार आहे. म्हणून ठरवलं की दोन्ही बाजूंना कपाट करायचं आणि मधलं दार पण कपाटासारखंच, म्हणजे पूर्ण भिंतभर पुस्तकं दिसतील आणि एक कपाट फिरवलं की आत जाता येईल. आत लेकीची वाचायची खोली होईल, ती दहा वर्षांची आहे आणि तिला हे कळल्यापासून रोज विचारते कधी होणार.

मापं देते. जुनी चौकट काढल्यावर उघडं माप ३४ इंच रुंद आणि ८१ इंच उंच. भिंत नऊ इंची, प्लास्टर धरून दहा. खाली कोटा फरशी, पाणसळ लावून बघितलं तर ३४ इंचात दोन सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) उतार आहे. आणि महत्त्वाचं म्हणजे हॉलमध्ये झोपाळा आहे, स्थिर असताना त्या भिंतीपासून चार फुटांवर, आणि तो भिंतीच्याच दिशेने झुलतो. झोपाळा हलवायचा नाहीये, कड्या स्लॅबमध्ये आहेत आणि सासूबाईंची ती रोजची जागा आहे.

आमचे सुथारभाई म्हणतात चार मोठ्या बिजागऱ्या मारतो, थई जशे. पण त्यांनी असं आधी केलेलं नाही हे त्यांनीच सांगितलं. मला तीन गोष्टी कळत नाहीयेत, पुस्तकं भरल्यावर वजन किती होईल आणि बिजागऱ्या ते घेतील का, कपाटाची खोली किती ठेवू (मी साडेनऊ इंच धरली होती), आणि उघडायचं हॉलमध्ये की आत? कोणी केलं असेल तर प्लीज सांगा.

---

अनघा_अकोटा

मृणाल, आम्ही केलंय २०२२ मध्ये, आणि बिजागऱ्यांवरच केलं होतं म्हणून आधी लिहिते. पाच बिजागऱ्या होत्या, पाच इंची, स्टीलच्या, चांगल्या. रिकामं असताना कपाट बोटाने फिरायचं, आम्ही खूश. पुस्तकं भरली आणि आठ महिन्यांत उघडं टोक खाली बसायला लागलं, आधी फरशीवर नुसता आवाज यायचा मग अर्धगोल चराच पडला फरशीवर. बिजागऱ्या वाकल्या नव्हत्या, वरच्या बिजागरीचे स्क्रू चौकटीतून सुटत होते. स्क्रू बदलून लांब टाकले, तीन महिन्यांनी परत तेच. शेवटी वरचे दोन कप्पे रिकामे ठेवले तेव्हा टिकलं, पण अर्धं रिकामं कपाट म्हणजे लगेच कळतं की काहीतरी वेगळं आहे.

मग ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी आलं. आमच्या तळमजल्यात फूटभर होतं दोन दिवस. भिंतीला टेकून ठेवलेलं साधं कपाट भिजलं तर निदान पुस्तकं काढून घेता येतात, पण हे तर दार, खालची फळी फुगून दार चौकटीत असं अडकलं की आतल्या खोलीत जाताच येईना आणि इन्व्हर्टर आत होता. शेवटी मागची प्लाय फोडली. खालच्या कप्प्यात आईची पाककृतींची वही होती ती गेली, त्याचं अजून वाईट वाटतं.

म्हणून तुला दोन गोष्टी कळकळीने सांगते. खालचे सहा इंच पुस्तकांसाठी वापरूच नकोस, तिथे प्लिंथसारखी बंद पट्टी कर आणि ती लाकडाची नाही, पीव्हीसी बोर्डाची. आणि प्लाय घेताना त्यावर शिक्का बघ. आयएस ३०३ या प्लायच्या भारतीय मानकात एमआर आणि बीडब्ल्यूआर असे दोन प्रकार येतात, एमआर म्हणजे फक्त दमट हवेपुरतं, पाण्यात बसलं की थर सुटतात. बीडब्ल्यूआर म्हणजे उकळत्या पाण्यालाही टिकणारं, ते घे, आणि खालच्या भागाला जमलं तर आयएस ७१० चं मरीन. एमडीएफ नको, पार्टिकल बोर्ड तर अजिबातच नको, कारेलीबागेत पण पाणी येतं हे मी तुला सांगायला नको.

---

मकरपुरा_टर्नर

मृणालताई, मी सुतार नाही, ३४ वर्षं मकरपुरा जीआयडीसीत लेथवर काढली, आता रिटायर. पण तुमचा प्रश्न सुतारकामाचा कमी आणि आमच्या कामाचा जास्त आहे म्हणून लिहितो, नीट वाचा आणि सुथारभाईंनाही वाचून दाखवा.

आधी वजन. डेमी साइजची (नेहमीच्या कादंबरीच्या आकाराची) पुस्तकं उभी लावली की एका फुटाला साधारण सहा किलो होतात, घरी वजनकाट्यावर एक फूट पुस्तकं ठेवून बघा. तुमची फळी आतून अडीच फुटांची, म्हणजे एका फळीवर पंधरा-सोळा किलो, सहा फळ्या भरल्या की नव्वद-पंच्याण्णव. कपाटाची प्लाय वगैरे तीस. म्हणजे सव्वाशे किलो धरा. दोन माणसं त्या दाराला कायम लटकून आहेत असं समजा. बिजागरीवर लावलं की हे वजन सरळ खाली जात नाही, ते वरच्या बिजागरीला बाहेर ओढत राहतं, दिवस-रात्र, दार बंद असतानाही. अनघाताईंचे स्क्रू म्हणून सुटले. लाकडात बसलेल्या स्क्रूला असा कायमचा ओढा सहन होत नाही, दोष मिस्त्रीचा नाही, पद्धतच चुकीची होती.

वजन फरशीवर टाका. खालच्या कोपऱ्यात एक पिन, तिच्याखाली थ्रस्ट बेअरिंग. ५११०५ नंबरचं मागा, आतलं भोक २५ मिमी, बाहेरून ४२, जाडी ११, कुठल्याही बेअरिंगच्या दुकानात मिळतं आणि टनाच्या हिशोबातलं वजन घेतं, तुमचे सव्वाशे किलो त्याला जाणवणारही नाहीत. पण एक लक्षात ठेवा, थ्रस्ट बेअरिंग फक्त उभं वजन घेतं. आडवा ओढा घ्यायला पिनेभोवती गनमेटलचा बुश (पिन जिच्यात फिरते ती धातूची नळी) पाहिजे, तो विसरला तर पिन बेअरिंगमध्ये तिरकी बसेल आणि कर्रकर्र करेल. वरच्या पिनेवर वजन अजिबात नाही, फक्त वीस-पंचवीस किलोचा आडवा ओढा. खालची पिन कोपऱ्यातल्या नुसत्या प्लायला लावू नका, आठ मिमी लोखंडी प्लेट घ्या, ती बाजूच्या आणि तळाच्या दोन्ही फळ्यांना बोल्टने आवळा, कारण पूर्ण कपाट त्या एका कोपऱ्यावर उभं राहणार आहे. आणि मागची सहा मिमी प्लाय फेव्हिकॉल लावून प्रत्येक फळीला दर चार इंचावर स्क्रू मारून बसवा. कपाटाचा चौकोन तिरका होऊ न देणं हे सगळं काम त्या मागच्या प्लायचं आहे, नुसते खिळे ठोकून ती बसवली तर उघडं टोक झुकणारच.

आता कपाटाची खोली, इथे बहुतेक जण फसतात. साधं दार दीड इंच जाड असतं म्हणून ते चौकटीत फिरतं. तुमचं दार साडेनऊ इंच जाड आहे! ते फिरताना लांबचा कोपरा कपाटाच्या रुंदीवर नाही फिरत, कर्णावर फिरतो. कपाट ३२ इंच रुंद धरलं आणि अगदी कोपऱ्यावर फिरवलं तर साडेनऊ इंच खोलीला कर्ण येतो ३३ इंच ३ सूत, म्हणजे पलीकडे एक इंच तीन सुतांची फट सोडावी लागेल. तेच सात इंच खोली ठेवली तर फट सहा सुतांवर येते. डेमी पुस्तक साडेपाच इंच रुंद असतं, त्याला सात इंच पुरून उरतात. दिवाळी अंक आणि मोठे कोश बाजूच्या न फिरणाऱ्या कपाटांत लावा, तिथे खोली पाहिजे तेवढी करा, समोरून सगळं एका रेषेत दिसलं की झालं.

पिन कोपऱ्यापासून दीड इंच आत घेतली (दोन्ही बाजूंनी दीड) तर अजून फायदा, लांबच्या बाजूला चार सूत लागतात. पण मग पिनेच्या बाजूलाही पाच सूत लागतात कारण जवळचा कोपरा पण फिरतो, हे लोक विसरतात. तुमच्याकडे ३४ इंच आहे, दोन्हीकडे भिंतीला सहा मिमीची पट्टी लावून ३२ चं कपाट केलं तर दोन्हीकडे सहा-सहा सूत राहतात. बसतं बरोबर.

आणि हे माझ्यावर विश्वास ठेवून करू नका. कार्डबोर्ड घ्या, फ्रीजच्या खोक्याचा चालेल, ३२ बाय ७ चा तुकडा कापा, पिनेच्या जागी खिळा मारा, उंबऱ्याच्या जागेवर ठेवून फिरवा आणि खडूने रेघ मारा. जिथे अडेल तिथे दिसेल. लाकूड कापायच्या आधी हे अर्ध्या तासाचं काम.

---

पराग_मांजलपूर

एवढं करण्यापेक्षा सरकतं का नाही करत? वर रेल, खाली रोलर, कपाट बाजूला सरकवलं की दार मोकळं. पिन नाही, कर्ण नाही, खोली पण हवी तेवढी.

---

मृणाल_कारेलीबाग

पराग, हा विचार केला होता पण सरकायला बाजूला तेवढीच मोकळी भिंत लागते ना, आणि तिथेच तर बाकीची पुस्तकं लावायचीत. दुसऱ्या बाजूला खिडकी आणि स्विचबोर्ड आहे.

टर्नरकाका (काका म्हटलं तर चालेल ना?) खूप खूप आभार, आज रात्री नवऱ्याबरोबर बसून कार्डबोर्ड फिरवला. साडेनऊ इंचाचा खरंच अडला, सात इंचाचा सुटला. सुथारभाई पण बघून गप्प झाले आणि मग म्हणाले की हे आधी दाखवलं असतं तर मी बिजागरीचं बोललोच नसतो, त्यांचं मला बरं वाटलं.

झोपाळ्याचं सांगा ना. आणि त्या सहा सुतांच्या फटी झाकायच्या कशा, हॉलमधून दिसल्या तर सगळी मजाच जाईल.

---

मकरपुरा_टर्नर

काका म्हणा, वय तेच आहे.

झोपाळा त्याच दिशेने झुलतो तर हॉलमध्ये उघडूच नका, आत उघडा. घरात म्हातारं माणूस झोपाळ्यावर आणि लहान मूल सव्वाशे किलोचं दार बाहेर ढकलतंय, हे व्हायलाच नको. आत उघडायचं तर पिन कपाटाच्या मागच्या बाजूच्या कोपऱ्यात येईल, पुढच्या नाही. हिशोब तोच, आरशात बघितल्यासारखा. कोठी पाच फुटांची आहे, ३२ इंच कपाट आत फिरून उभं राहील आणि जायला सव्वीस इंच मिळतील. आतमध्ये दार फिरतं तेवढ्या जागेत मात्र काही म्हणजे काही ठेवायचं नाही, एक स्टूल पडलं तरी दार उघडणार नाही. तेवढ्या अर्धवर्तुळाला फरशीवर रंगाची रेघ मारून ठेवा.

आत उघडण्याचा एक मोठा फायदा फटींचाच आहे. बाहेर उघडणाऱ्याला पिनेच्या बाजूची पट्टी भिंतीला आणि दुसऱ्या बाजूची कपाटाला अशी वेगवेगळी मारावी लागते, नाहीतर अडते. आत उघडणाऱ्याला चारही पट्ट्या भिंतीवर मारता येतात, कपाट त्यांच्या मागे जाऊन टेकतं, तोच स्टॉपर आणि तीच झाकण. फक्त पिनेच्या बाजूला दार फिरायला लागताना पुढचा कोपरा दीड सूत पुढे येतो, म्हणून पट्टी आणि कपाट यांच्यात दोन सूत अंतर ठेवा. बाजूच्या कपाटांनाही तशाच पट्ट्या मारा म्हणजे हे एकच वेगळं दिसणार नाही.

बसवायची पद्धत पण सांगतो. आधी ज्या प्लेटवर बेअरिंग बसणार ती खालची प्लेट फरशीवर ठेवा, तिची भोकं गोल नको, लांबट करून घ्या म्हणजे पुढेमागे सरकवता येईल. फरशीला दोन सूत उतार आहे तर पिनेच्या बाजूला प्लेटखाली पत्रा घालून प्लेट पाणसळीत आणा. मग वरून ओळंबा सोडून वरच्या पिनेचं सेंटर काढा, टेपने मोजून नाही, ओळंब्यानेच. दोन पिना एका ओळंब्यात नसल्या तर दार आपोआप उघडत जाईल किंवा आपोआप मिटत जाईल आणि तुम्ही जन्मभर मॅग्नेट बदलत बसाल. वरची पिन म्हणजे १६ मिमीचा बोल्ट, तो कपाटाच्या सगळ्यात वरच्या कप्प्यातून वर सरकवून लिंटेलच्या (दारावरच्या आडव्या तुळईच्या) प्लेटमधल्या बुशात घालायचा आणि चेकनट (बोल्ट सैल होऊ न देणारा दुसरा नट) आवळायचा. असं केलं की उद्या पाण्याची बातमी आली तर पुस्तकं उतरवून, बोल्ट खाली ओढून दोघांनी कपाट उचलून वर नेता येईल.

खाली चाक लावू का असं कोणीतरी विचारेलच. लावायचं तर फिरणारं कॅस्टर नको, एका दिशेचं लावा आणि त्याची आस बरोबर पिनेकडे बघणारी पाहिजे. पण तुमच्या फरशीला उतार आहे, चाक एका ठिकाणी अधांतरी आणि एका ठिकाणी घट्ट होईल. पिन नीट असली तर चाकाची गरज नाही.

---

सिव्हिल_वाघोडिया

वरचं सगळं वाचलं, काकांनी उत्तम सांगितलंय. माझे थोडे मुद्दे, साइटवर रोज बघतो म्हणून.

तुमच्याकडे दार आधीपासून आहे, लिंटेल आहे, त्यामुळे भिंतीचा प्रश्न नाही. पण हे वाचून कोणी नवीन दार पाडणार असेल तर नऊ इंची भिंतीत आधी लिंटेल, दोन्ही बाजूंना किमान सहा इंच टेकू, मगच खालचं फोडायचं. आणि फ्लॅटमध्ये आरसीसीची भिंत असेल तर हात लावायचाच नाही. लिंटेलमध्ये वरची प्लेट मारताना चार अँकर बोल्ट लागतील, ड्रिल सळीला लागलं तर जोर करून सळी कापू नका, भोक अर्धा-पाऊण इंच सरकवा, म्हणून प्लेटला पण लांबट भोकं ठेवा.

माझी खरी काळजी वेगळी आहे. त्या खोलीत मूल एकटं बसणार आहे. खोलीला खिडकी आहे का? नसेल तर आधी वर झरोका किंवा जाळी करा, मग कपाट. आतून दार उघडायला साधा मोठा हँडल पाहिजे, कुठलीही गुपित कळ नाही, अंधारात हाताला लागला पाहिजे. बाहेरून कडी किंवा कुलूप लागेल अशी सोय ठेवूच नका, मग ती कितीही आकर्षक वाटो. एमसीबीचा बोर्ड कोठीत असेल तर तो बाहेर घ्या. आग लागली तर बाहेरचा माणूस त्या खोलीत कोणी आहे हे ओळखूच शकणार नाही, म्हणून घरातल्या सगळ्यांना, कामाला येणाऱ्या ताईंना आणि शेजाऱ्यांनाही ते दार माहीत पाहिजे. पाहुण्यांपासून लपवा, शेजाऱ्यांपासून नको.

---

अनघा_अकोटा

सिव्हिलदादांचं शंभर टक्के बरोबर. पुरात आम्हाला शेजाऱ्यांनीच मदत केली, त्यांना खोली माहीत होती म्हणून.

मृणाल, फळ्यांचं राहिलं. अठरा मिमी प्लाय अडीच फुटांत पुस्तकांनी हळूहळू वाकते, लगेच नाही, वर्षा-दोन वर्षांनी मध्ये पोट आलेलं दिसतं. पुढच्या कडेला दीड इंची सागाची लिपिंग उभी मार, ती फळीला तुळईसारखी धरते, आणि तीच पट्टी थोडी वर आली तर दार फिरताना पुस्तकं पण घसरत नाहीत.

---

मृणाल_कारेलीबाग

कोठीला वर झरोका आहे, जुन्या घरांत असतो तसा, जाळी बदलून घेते. एमसीबी बाहेर जिन्याखाली आहे. शेजारच्या काकूंना कालच सांगितलं, त्या बघायला पण येऊन गेल्या.

अजून एक, कळीचं. लेकीला एक पुस्तक ओढलं की दार उघडायला हवंय. करता येईल का साधंसं? पण बाबांच्या पुस्तकाला मी भोक पाडणार नाही, एकालाही नाही.

---

मकरपुरा_टर्नर

खरं पुस्तक नकोच, ते ओढून ओढून बांधणी सुटते. सागाचा ठोकळा पुस्तकाच्या मापाचा कापा, बाइंडरकडून त्यावर कापडी बांधणी चढवून घ्या. ठोकळा खाली एका खिळ्यावर पुढे झुकेल असा बसवा, वरच्या टोकाला सायकलच्या ब्रेकची वायर तिच्या नळीसकट, वायर मागच्या प्लायवरून लॅचपर्यंत. सायकलच्या दुकानात पाच मिनिटांत मिळते आणि तुटली तर तशीच बदलता येते. लॅच स्प्रिंगवाला, आणि आतला हँडल त्याच लॅचला सरळ जोडलेला, वायरवर अवलंबून नाही. वायर तुटली तरी आतला माणूस बाहेर आला पाहिजे. बाहेरून वायर तुटली तर काय, म्हणून एका पट्टीमागे बारीक भोक ठेवा, सायकलच्या चाकाची तार (स्पोक) घातली की लॅच मागे जाईल.

पिन आणि बुशाचं ड्रॉइंग सुथारभाईंना समजलं नाही तर मापं मला इथे लिहा, कागदावर काढून फोटो टाकतो, मकरपुऱ्यात कुठलाही लेथवाला एका दिवसात करून देईल.

---

मृणाल_कारेलीबाग

अडीच महिन्यांनी लिहितेय, दार झालं!

काकांच्या ड्रॉइंगवरून पिन आणि बुश मकरपुऱ्याला करून आणले. सुथारभाईंनी आणि नवऱ्याने मिळून पाच रविवार लावले. ओळंब्याला सगळ्यात जास्त वेळ गेला, पंखा बंद करून बसलो होतो कारण दोरी हलायची. पहिल्यांदा वरची पिन तीन सूत आतल्या बाजूला गेली होती, दार सोडलं की आपोआप आत जायचं, काकांनी सांगितलं होतं तसंच, मग प्लेट सरकवली आणि आता जिथे सोडू तिथे थांबतं.

पुस्तकं लगेच लावली नाहीत. आधी गव्हाच्या आणि तांदळाच्या पिशव्या फळ्यांवर ठेवून शंभर किलो केले आणि चार दिवस तसंच ठेवलं, रोज खालच्या उघड्या टोकाखाली काड्यापेटी सरकवून बघायची की अंतर तेवढंच आहे ना. तेवढंच राहिलं. मग पुस्तकं. जाड आणि जड पुस्तकं खालच्या फळ्यांवर आणि पिनेच्या बाजूला, पातळ कविता-नाटकं वरती आणि लांबच्या टोकाला. हे कोणी सांगितलं नव्हतं पण लावताना फरक हाताला जाणवला, फिरवायला हलकं झालं.

काही पुस्तकं सेंट्रल लायब्ररीच्या बाहेर पडून त्याच दिवशी घेतलेली निघाली, पानावर तसं लिहिलंय. लहानपणी बाबा मला तिथल्या लोखंडी रॅकमध्ये आणि काचेच्या जमिनीवर चालवत न्यायचे, मला भीती वाटायची काच फुटेल म्हणून, आणि ते म्हणायचे की अगं सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेहून ग्रंथपाल बॉर्डनसाहेबांना बोलावून ही लायब्ररी उभी केली, इथलं काही कच्चं नसतं. पुस्तकांचं वजन म्हणजे काय हे तेव्हा कळलं नव्हतं, त्या रॅक लोखंडाच्या का आहेत ते आता कळलं.

ठोकळ्यावर मरून कापडाची बांधणी केली आणि लेकीने त्यावर आजोबांसारखी तारीख आणि "कारेलीबाग, घरीच" असं लिहिलं. आतला हँडल पितळी, मोठा, अंधारात हाताला लागतो, दिवे घालवून तिच्याकडून तीन वेळा उघडून घेतलं. बाहेरून कडी नाही. फरशीवर पिवळी रेघ मारलीये.

एकच आहे, आता पाऊस सुरू झाल्यापासून लॅचच्या बाजूला वरच्या कोपऱ्यात कपाट पट्टीला अगदी हलकं घासतंय, खाली नाही, फक्त वर. खालच्या टोकाचं अंतर काड्यापेटीने बघितलं, तेवढंच आहे. पट्टी रंधून टाकू का?

---

मकरपुरा_टर्नर

मृणालताई, वाचून फार आनंद झाला, फोटो टाका.

रंधा मारू नका. खालचं अंतर तेच आहे म्हणजे कपाट झुकलेलं नाही, सागाची पट्टी पावसात फुगलीये, दिवाळीनंतर आपोआप सुटेल आणि आता रंधली तर तेव्हा फट दिसेल. फारच घासत असेल तर वरच्या प्लेटचे चारही अँकर अर्धा आटा सैल करा, प्लेट पिनेच्या बाजूला अर्धा सूत सरकवा, परत आवळा, त्याने वरचा कोपरा तेवढाच मागे जाईल. आधी वरचे तीन कप्पे रिकामे करा आणि दोघं जण असाल तेव्हाच करा. आणि हात घातलाच आहे तर खालच्या बेअरिंगमध्ये ग्रीस भरून घ्या, पावसाळ्याआधी दर वर्षी एकदा.